माझे पडलेले मांडव

सोलापूरकडच्या लग्नात दोन पाहुणे ठरलेले. एक नवरदेवाचा रुसलेला मामा आणि दुसरा वळीव. मामाची समजूत घालता येते, एवढाच काय तो फरक.

मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला मांडववाला. आता दुकान मुलगा बघतो. त्याचे मांडव लोखंडी पाइपांचे असतात, वर रंगीत झालरी, आणि वारा आलाच तर तो मोबाइलमध्ये बघून सांगतो की वारा आलेला आहे. मी लिहितोय ते सत्तरच्या पुढच्या वर्षांबद्दल. तेव्हा मांडव म्हणजे बांबू, वासे, काथ्या आणि ताडपत्री. संपादकसाहेब म्हणाले, लग्नातल्या गमतीजमती लिहा. साहेब, मी हजारभर लग्नं उभी केली असतील, पण लक्ष लग्नाकडे कधी नव्हतंच. माझे डोळे आभाळाकडे. कित्येक लग्नांत नवरी कोण हे मला मांडव सोडताना कळलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मांडव पडतो तो पावसाने. पाऊस बिचारा नंतर येतो. आधी येतो तो वारा. चैत्र-वैशाखात दिवसभर जमीन तव्यासारखी तापते, आणि दुपार कलली की वारा एकदम पडतो. लिंबाचं पानही हलत नाही. कोंबड्या न बोलावता आडोशाला जातात. मग एका कोपऱ्यात तांबूस धूळ उठते आणि कुठूनशी गार झुळूक येते. वऱ्हाडी म्हणतात, "वा, काय गार सुटलंय!" आणि मांडववाला गाठी सोडायला धावतो. कारण त्या झुळुकीच्या मागे जो येतो तो नुसता वारा नसतो. तो मांडवाच्या पोटात शिरतो आणि मांडव खांबांसकट उचलतो. एकदा आमच्याच पेठेत बारशाची ताडपत्री उडाली ती चार घरं ओलांडून एका बाईंनी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसली. बारसं ज्या मुलाचं, तो आता स्वतः बाप झालाय. कुरडयांचा विषय अजून निघतो.

म्हणून आमच्या धंद्याचं पहिलं शास्त्र असं, की वाऱ्याशी कुस्ती खेळायची नाही. आधी बाजूच्या कनाती सोडायच्या, मग ताडपत्री जमिनीवर उतरवायची आणि वर माणसं बसवायची. वळीव असतो अर्ध्या तासाचा. तो गेला की मांडव पुन्हा उभा. हे सगळं चटकन व्हावं म्हणून आमची प्रत्येक गाठ सोडगाठ असते. शेपूट धरून एक हिसडा दिला की सुटली. ताणाला घट्ट आणि हिसड्याला मोकळी. ही गाठ शिकायला मला एक पावसाळा लागला आणि माझ्या वस्तादांच्या बऱ्याच शिव्या.

भटजींची मात्र आमच्याशी जुनी अदावत. उन्हाळ्यातली निम्मी लग्नं ते गोरज मुहूर्तावर काढायचे. गायी रानातून परततात तेव्हा धूळ उडते, ती वेळ पवित्र. आमच्याकडे त्या वेळेला गायी नसल्या तरी धूळ भरपूर उडते, हे पंचांगात लिहिलेलं नसतं.

तर बहात्तरचा दुष्काळ ओसरल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मोहोळच्या पलीकडच्या गावात मांडव घातला होता. नवरीचे वडील भगवान अण्णा. बारा एकर कोरडवाहू, मिशा मोठ्या आणि जीव मुंगीचा. नवरी कमल, त्यांची एकुलती एक. नवरदेव करकंबचा, म्हणजे उसाच्या गावचा. अण्णांच्या ज्वारीच्या गावाला त्या गोष्टीचं फार दडपण होतं. आदल्या दिवशी आम्ही खांब रोवत होतो तेव्हा अण्णा माझ्या मागेमागे.

"काशिनाथभाऊ, मांडव पडायचा न्हाय न्हवं?"

"वारा आला तर उतरवायचा, अण्णा. अर्ध्या तासात पुन्हा उभा करतो."

"उतरवायचा?" अण्णांनी डोक्याचा पटका काढला आणि पुन्हा घातला. "न्हाय न्हाय. ते जमायचं न्हाय."

मग त्यांनी मला गोठ्यामागे नेऊन खरी गोष्ट सांगितली. कमलचं लग्न आधी एकदा ठरून मोडलं होतं. दुष्काळात पलीकडच्यांनी हात वर केले होते. पोरीचा दोष काडीचा नाही, पण गावात कुजबुज सुरू झाली होती की हिच्या लग्नात काहीतरी आडवं येतं. आता हे करकंबचं स्थळ कमलच्या शंकरमामाने जुळवून आणलं होतं. पण तिकडे नवरदेवाची एक आत्या होती, गोदाक्का. विधवा, माहेरीच राहणारी, आणि घरात शब्द तिचा. तिने शंकरमामाजवळ निरोप धाडला होता, 'मांडव नीट बांधा म्हणावं. अक्षता पडायच्या आत मांडव पडता कामा नये.'

"म्हंजी बगा," अण्णा म्हणाले, "मांडव खाली आला की ती बाई वऱ्हाड माघारी नेणार. मग माझ्या पोरीकडं कोण बगंल? तुमी पैलवान आणून खांब धराय लावा, पर मांडव पडाय नगं."

मी त्यांना धीर दिला. धीर देणं हा आमच्या धंद्याचा निम्मा भाग आहे. पण माझा मुकादम इराप्पा याच्याजवळ मी म्हटलं, उद्या आभाळाकडे नीट बघ. इराप्पा अक्कलकोटकडचा, कानडी माणूस. त्याला आभाळातलं माझ्यापेक्षा कमी कळायचं, पण भीती जास्त वाटायची, आणि मांडवाच्या कामाला भित्रा माणूसच चांगला.

लग्नाच्या दिवशी दुपारी करकंबची मंडळी ट्रकने आली. त्यांना जानवसा शाळेत दिला होता, सुट्टी लागली होती म्हणून. शाळा मांडवापासून हाकेच्या अंतरावर. गोदाक्का ट्रकमधून उतरली ती मी पाहिली. उंच, काटकुळी, पांढरं लुगडं. ती उतरल्यावर पाणी प्यायच्या आधी तिथूनच मांडवाकडे बघत उभी राहिली. अण्णांनी ते बघितलं आणि त्यांचं जेवण गेलं.

आम्ही मात्र जेवायला गेलो. आणि इथे ती गोष्ट घडली, जी फक्त आमच्या मुलखातला शेतकरीच करू शकतो. अण्णा शेवटची पाहणी म्हणून मांडवात फिरत होते. एका खांबापाशी त्यांना गाठीची शेपटी लोंबताना दिसली. त्यांनी ती जरा ओढून बघितली. गाठ सुटून त्यांच्या हातात आली. अण्णांना घाम फुटला. त्यांनी दुसरी ओढली. तीही सुटली. तिसरी, चौथी. सोलापूरच्या भामट्याने आपल्याला फसवलं, एकही गाठ धड नाही, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी भावबंदांना हाका मारल्या. मंडळी जन्मभर मारके बैल बांधणारी. त्यांनी बैल बांधायच्या गाठी मारून अख्खा मांडव पुन्हा बांधला. वर पाणी शिंपडलं, म्हणजे काथ्या आणखी आवळतो. एवढ्यावरही अण्णांचं समाधान होईना. तेव्हा विहिरीवरचा मोटेचा नाडा आणून त्याचं एक टोक ताडपत्रीला आणि दुसरं टोक मुहूर्तमेढीला बांधलं.

मुहूर्तमेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. तिला उंबराची फांदी, आंब्याचे डहाळे आणि हळदीच्या फडक्यात बांधलेली सुपारी असते. ती मांडववाला रोवत नाही, घरची माणसं रोवतात. देवाचं काम म्हणून खड्डा भक्तीने खणतात, त्यामुळे तो वीतभरच असतो. आमचे खांब गुडघाभर आत जायचे, आणि अण्णांना सगळ्यात जास्त भरवसा त्या वीतभर खड्ड्याचा. कारण ती देवाची.

यातलं आम्हाला काही माहीत नव्हतं. आम्ही जेवून परतलो तेव्हा अण्णांचा चेहरा इतका शांत होता की मला बरं वाटलं.

ऊन कललं आणि वारा पडला. शाळेत नवरदेवाला बाशिंग बांधत होते. आचाऱ्याची बुंदी चालू होती. इराप्पा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मालक, गाळी बरतद." वारा येतोय. मी वर बघितलं. पाकणी गावाच्या अंगाला आभाळ शाईसारखं झालं होतं, आणि खाली तांबडी धूळ.

मी अण्णांना गाठलं. "अण्णा, कनाती सोडतो आणि मांडव उतरवतो. आधी माणसं बाहेर काढा."

"काय बी झालं तरी मांडव खाली येणार न्हाय," अण्णा म्हणाले. आणि मिशीत हसले. हे हसणं मला समजलं नाही.

"अण्णा, वासा डोक्यात पडला तर माणूस जाईल."

तेवढं मात्र त्यांना पटलं. बायकापोरं घरात गेली. भटजी तर आधीच गेले होते. मी इराप्पाला खूण केली आणि पहिल्या खांबाच्या गाठीची शेपटी शोधायला हात घातला. शेपटीच नव्हती. तिथे मुठीएवढा गोळा होता. दुसऱ्या खांबालाही गोळा. पलीकडून इराप्पाचा आवाज आला, "मालक, ही गाठ आपली न्हाय." मग तिसऱ्या खांबाकडून, "ही बी न्हाय." त्याच्या आवाजात घरात चोरी झाल्यासारखं दुःख होतं.

आणि मग ती गार झुळूक आली. अण्णांचे एक चुलते ओट्यावरून म्हणाले, "वा, काय गार सुटलंय."

पुढचं सगळं फार लवकर झालं. मी कोयते मागवले. एका बाजूचे दोर आम्ही कापले, कनाती सोडल्या, तोवर धुळीची भिंत येऊन आदळली. ताडपत्रीच्या पोटात वारा शिरला. ती एकदा फुगली, एकदा बसली, जणू श्वास घेत होती. मी ओरडलो, "सोडा आणि बाजूला व्हा!" इराप्पाने कानडीत तेच ओरडून सांगितलं. सगळे बाजूला झाले. एकटे अण्णा झाले नाहीत. ते मुहूर्तमेढीला मिठी मारून उभे होते. वर बघत होते आणि म्हणत होते, "पडायचा न्हाय. पडायचा न्हाय."

त्यांचं खरं झालं. मांडव पडला नाही. उडाला. बाकीचे दोर तटातट तुटले, पण मोटेचा नाडा काही तुटेना. त्याने मेढ त्या वीतभर खड्ड्यातून मुळा उपटावा तशी उपटली. अण्णांच्या मिठीतून मेढ वर गेली आणि मिठी तशीच राहिली. ताडपत्री खळ्यावरून, बाभळीवरून, मागे उंबराची फांदी हलवत, थेट शाळेकडे गेली. सुदैवाने वाटेत माणूस नव्हता. मग धुळीत काही दिसेना. गारा आल्या, पाऊस आला. आम्ही गोठ्यात बैलांबरोबर उभे राहिलो. बैल शांत होते. त्यांच्या गाठी ठीक होत्या.

वळीव गेला. बाहेर स्वच्छ ऊन, ओल्या मातीचा वास, आणि मांडवाच्या जागी नुसते खांब. अण्णा चिखलात बसले होते. त्यांनी माझ्यावर राग काढला असता तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त म्हणाले, "माझ्या हातानं केलं, काशिनाथभाऊ. पोरीचं वाटुळं माझ्या हातानं केलं." दारात कमल उभी होती. हळदीने पिवळी, मुंडावळ्या बांधलेली. रडत नव्हती. बापाकडे एकदा बघून ती आत गेली. त्या पोरीचा तो चेहरा मला अजून दिसतो, आणि तेव्हा मला खरोखर वाटलं की हा धंदा सोडावा.

शंकरमामा म्हणाला, "चला, शाळेत जाऊन पाय धरू." आम्ही निघालो. पुढे अण्णा, मागे भावबंद, शेवटी मी आणि इराप्पा.

शाळेचं रूप बघून मला हसावं की रडावं कळेना. ताडपत्री कौलांवर पडून पुढच्या पडवीवर लोंबत होती. पडवीत बँडवाले सापडले होते. पाच जण आतून चाचपडत वाट शोधत होते आणि एक जण मदत यावी म्हणून क्लॅरिनेट वाजवत होता. नवरदेव बाकाखालून बाहेर निघाला, बाशिंग एका कानावर. आणि शाळेच्या दारासमोर मोटेच्या नाड्याला मेढ लोंबकळत होती. उंबराची फांदी शाबूत, हळदीचं फडकं शाबूत. सुपारीसुद्धा पडली नव्हती.

गोदाक्का दारात उभी होती. तिने एका हाताने मेढ धरली होती. अण्णा खाली वाकले. तिच्या पायांकडे हात नेले.

"उटा व्याही," ती म्हणाली. मग आवाज चढवला, दोन्हीकडचं वऱ्हाड ऐकेल असा. "आपुन समदे मांडवात जातो. मांडव कुणाच्या दारात आलाय का आजवर? ही मेढ वाऱ्यावर बसून आमच्या दारात आलीया. पोरीचा पायगुण म्हंत्यात तो ह्यो. काडा ती बँडवाली भाईर, आन् मेढ हितंच रोवा. अक्षता हितंच पडत्याल."

करकंबचा एक म्हातारा कुरकुरला, की नवरीने जानवशावर येऊन लग्न लावायची रीत नाही. गोदाक्काने त्याच्याकडे नुसतं बघितलं. म्हातारा म्हणाला, "पर रीत काय, माणसानंच पाडल्याली असती."

मेढ शाळेच्या अंगणात रोवली. या वेळी खड्डा इराप्पाने खणला, आणि तो इतका खोल खणायला लागला की त्याला थांबवावं लागलं. पडवीच्या खांबांना ताडपत्री बांधली, सोडगाठीने. फळ्यावर सुट्टीआधीची गणितं तशीच होती आणि त्यांच्यापुढे अंतरपाट धरला गेला. गोरज मुहूर्त टळला होता. भटजींनी लगेच दुसरा काढला. त्यांच्याकडे असतातच.

पंगती उठल्यावर मी पायरीवर बसून ताडपत्रीची फाटलेली कड दाभणाने शिवत होतो. गोदाक्का बुंदीचं ताट घेऊन आली आणि शेजारी टेकली. मी म्हटलं, "आक्का, तुमच्या निरोपाने आमची गाळण उडाली होती. मांडव पडला तर वऱ्हाड माघारी नेणार म्हणून धमकी दिलीत."

"धमकी?" तिला खरंच नवल वाटलं. "धमकी कशापाई देऊ? माज्या लग्नात मांडव पडला हुता, बाबा. असाच वारा. वाऱ्याला कोन काय बोलतंय? सासऱ्याचा बैल मेला, मी पांढऱ्या पायाची. हिरीचं पानी आटलं, मी पांढऱ्या पायाची. मालक गेलं तवा त्यास्नी काय आजार हुता, त्ये बी कुनी इचारलं न्हाय. मांडव पडला हुता की, मग आजार कशाला लागतोय?" तिने ताट माझ्याकडे सरकवलं. "हिचं लगीन एकदा मोडल्यालं. वर मांडव पडला तर पोरीला जलमभर ऐकावं लागंल. म्हनून सांगून धाडलं, नीट बांदा. तुमी खा की बुंदी. लई चांगली झालीया."

मी दाभण खाली ठेवलं. इतकी वर्षं मी मांडव पडू नये म्हणून धडपडलो, ते माझ्या नावासाठी. पडलेल्या मांडवाखाली कोण सापडतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि लाज वाटली.

तेव्हापासून मी एक रीत पाडली. वळवाने मांडव पाडला, आणि आमच्या मुलखात तो कधी ना कधी पाडणारच, की पाऊस थांबायच्या आत मी दोन्ही वऱ्हाडांपुढे उभा राहायचो आणि मोठ्याने सांगायचो, "मंडळी, माफ करा. माझी गाठ ढिली राहिली." लोक मनसोक्त शिव्या द्यायचे. नवरीकडे बघायला कुणाला सवड राहायची नाही. इराप्पाला हे अजिबात आवडायचं नाही. गाठी त्याच्या असायच्या. पहिल्यांदा मी असं म्हटलं तेव्हा तो मला कानडीत काय बोलला ते मी मुद्दाम कुणाकडून समजून घेतलं नाही. पुढे पेठेतले दुसरे मांडववाले गिऱ्हाइकांना सांगू लागले, काशिनाथला नका बोलवू, त्याचे मांडव पडतात. आमच्या बायकोने बरंच ऐकवलं. काही हंगाम नरम गेले. पण गोदाक्काची हकिकत मी तिला सांगितली, त्यानंतर ती त्यावर बोलली नाही.

अलीकडेच मोहोळच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. एक बाई माझ्याकडे निरखून बघत होती. सोबत तिची म्हातारी सासू, दोघींच्या मध्ये गवारीचं गाठोडं. बाई म्हणाली, "तुमी त्ये सोलापूरचं मांडववाले न्हवं? माज्या लग्नात तुमचा मांडव पडला, समदं वऱ्हाड चिंब भिजलं." आणि सासूला कोपराने ढोसून म्हणाली, "आत्याबाई, ह्येच की त्ये, गाठ ढिली बांदल्याले."

म्हातारीने चष्मा सावरला. "व्हय की! ह्योच त्यो. माजं नवंकोरं लुगडं वाया गेलं ह्याच्यापाई." मग तिने सुनेचा हात धरून त्या लुगड्याचा रंग सांगायला सुरुवात केली. सून मध्येच म्हणाली, हिरवं नव्हतं, मोरपंखी होतं. दोघींचं एकमत होईना. भांडता भांडता दोघी हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मी हात जोडले आणि दोघींची पुन्हा एकदा माफी मागितली.